चकती लेथवर ठेवून तुम्ही गेलात

नाना,

तुमच्या तेराव्याच्या पंगतीतून मी मोहनशेठला उठवलं. तिकडं तुमच्या कानावर आलं असेल तर ते खरं आहे. कुणी मीठमसाला लावला असेल तर तोही लावू दे, मला फरक पडत नाही.

वर्कशॉपच्या पुढं मांडव घातला होता. दुसरी पंगत बसली होती आणि मी बुंदी वाढत होते. शेठ मधोमध बसला होता, पांढऱ्या कपड्यात, अगदी घरचा असल्यासारखा. दोन घास खाल्ले आणि त्यानं भाषण सुरू केलं. "नाना म्हणजे माझा उजवा हात. त्यांचं पेरणीच्या मशीनमधल्या तिरक्या चकतीचं स्वप्न आता आमचं दुकान पुरं करणार. येत्या पेरणीला नानांच्या नावानं नवं मशीन काढतोय." लोकांनी माना हलवल्या. एकानं तर डोळे पुसले.

मी बुंदीचं पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"शेठ, उठा."

"काय म्हणालीस?"

"उठा म्हणाले. ताट तसंच राहू द्या."

बाबा धावत आले. तुमच्या थोरल्या भावाला सगळ्या गावाची लाज एकट्यालाच वाहायची असते, तुम्हाला माहीतच आहे. "वैशाली, आज तेरावा आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले. मी म्हणाले, "म्हणूनच." शेठ उठला. हात न धुता गेला. त्याच्या गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत मांडवात कुणी घास उचलला नाही.

दोन दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. काकूंनी विचारलं, "बुंदी खाल्ली होती का त्यानं?"

"दोन घास."

"दोन बी लई झाले," काकू म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडं करून झोपल्या.

याला आता महिना झाला. माझा राग उतरेल म्हणून सगळे वाट बघतायत. मी तुम्हाला लिहितेय, कारण या रागातला निम्मा तुमच्या वाट्याचा आहे आणि तो न घेताच तुम्ही गेलात.

तुम्ही कोण होतात हे तुम्हाला कधी कळलं नाही, नाना. सातवीतून शाळा सोडलेला माणूस, माकणीच्या रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये एका वेल्डिंग मशीनवर सुरुवात केलेला. धरणाचं पाणी आलं, लोक बागायतदार झाले, ट्रॅक्टर आले, आणि तुम्ही पेरणी यंत्रं करायला लागलात. तुमचं यंत्र जिल्ह्यात कुठंही ओळखू यायचं. फण एका रेषेत, वेल्डिंगची शिवण मशीनवर मारलेल्या शिलाईसारखी सरळ, आणि बियाण्याच्या पेटीत आतल्या बाजूला पंचनं मारलेले तीन ठिपके. तुम्हाला नाव रंगवायची लाज वाटायची, म्हणून ते तीन ठिपके. तेही कुणाला दिसू नयेत अशा जागी.

मग एक दिवस ईट गावचा तो माणूस आला. अर्धा जिल्हा ओलांडून पाहुण्याकडं आला होता. त्याच्या उपरण्याच्या गाठीत मूठभर सोयाबीन होतं, यंत्राच्या नळीखाली धरून गोळा केलेलं. त्यानं ते तुमच्या टेबलावर ओतलं. निम्म्या बियांच्या डाळी झाल्या होत्या, काहींची साल उडाली होती. तो म्हणाला, "नाना, बियाणं चांगलंय. मशीन बी चांगलंय. मग उगवत का न्हाय, हे बघा." यंत्र दुसऱ्याचं होतं, तरी तुम्ही ते आपल्याला विचारल्यासारखं घेतलं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. एकेक बी चिमटीत धरून उजेडाकडं बघत राहिलात.

तुमच्या लक्षात आलं की गुन्हेगार पेटीतली लोखंडी चकती आहे. चकतीच्या खाचेत बी बसतं, वरचं जास्तीचं बी एक पट्टी खरडून काढते, आणि त्या खरडण्यात सोयाबीनची पातळ साल फाटते. तुम्ही ठरवलं की चकती तिरकी बसवायची, लोखंडाऐवजी नायलॉनची करायची, खरडायची पट्टीच काढून टाकायची. खाचेत बसलेलं बी वर जाईल, जास्तीचं आपल्या वजनानं मागं घरंगळेल. तिरक्या चकत्या इतर कंपन्यांनीही केल्यात, हे मी तुम्हाला डिप्लोमाच्या पुस्तकातून दाखवलं होतं. तुम्ही हसलात. "त्यांची खाच त्यांच्या बियाला. आपलं बी एका पोत्यात तीन मापाचं असतंय." खाचेची खोली आणि चकतीचा उतार, या दोन गोष्टींचा मेळ आपल्याकडच्या बियाला बसवायचा होता. त्यासाठी तुमचे हात लागत होते, तुमचे डोळे लागत होते, आणि सलग काही दिवस लागत होते.

सलग दिवस! तेवढीच एक गोष्ट तुमच्याकडं कधी नव्हती.

एका सोमवारी मी शटरच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायला लागले. तुम्ही सकाळपासून काय काय केलंत ते. लोहाऱ्याला बोल्ट आणायला गेलात. कुणाच्या तरी मोटरसायकलचं स्टँड. शाळेच्या फाटकाची कडी. मोहनशेठचा फोन. पाण्याच्या टाकीचं झाकण. परत मोहनशेठचा फोन. सासरी निघालेल्या कुणाच्या तरी लेकीच्या कपाटाचं कुलूप. एका लग्नाच्या बैठकीत दोन तास, कारण "नाना आल्याशिवाय बोलणी पुढं जात न्हाईत." संध्याकाळी मी त्या यादीवर फुल्या मारल्या. जे तुमच्या हाताखालच्या रज्जाकभाईंना जमतं त्यावर फुली. जे मला जमतं त्यावर फुली. जे गावातल्या कुणालाही जमतं त्यावर दोन फुल्या. सगळी यादी फुल्यांनी भरली. एकच काम उरलं, तिरकी चकती, आणि त्या दिवशी तुम्ही तिला हातही लावला नव्हता.

"हे बघा," मी म्हणाले. "तुम्ही दिवसभर राबलात आणि तुमचं काम तेवढं राहिलं."

तुम्ही ओलं फडकं घेऊन शटर पुसलंत. "शटर घाण करू नकोस."

"नाना, मी चेष्टा करत नाही. बाकी सगळं दुसऱ्याला येतं. हे दुसऱ्याला येत नाही. मग पहिल्यांदा काय करायचं?"

"कामात बारकं-मोठं नसतंय, वैशे. माणूस दारात आलाय, त्याला काय सांगू? चकती करतोय, नंतर ये?"

"हो. तेच सांगा."

"आन चकतीचं मला सुचलं कुठनं? दारात आलेल्या माणसाकडनंच ना? ईटच्याला म्या नंतर ये म्हणलो असतो तर?"

मी त्या दिवशी हरले आणि तुम्ही जिंकल्यासारखा चहा मागवलात. आज उत्तर आहे माझ्याकडं. ईटच्या माणसानं तुमच्याकडं एक प्रश्न आणला होता. तसला माणूस वर्षातनं एकदा येतो, आणि त्याच्यासाठी काम टाकावं, मी स्वतः तुमच्या हातातली हातोडी काढून घेतली असती. मोहनशेठनं इतक्या वर्षांत एक प्रश्न आणला नाही. त्यानं फक्त हाका मारल्या. तुम्हाला या दोघांतला फरक करता येत नव्हता, कारण दारात उभ्या माणसाला नाही म्हणणं तुम्हाला जमायचंच नाही. त्याला तुम्ही माणुसकी म्हणायचात. मी भित्रेपणा म्हणते. जिवंत होतात तेव्हा हा शब्द मी गिळला. आता गिळणार नाही.

शेठला हे बरोबर कळलं होतं. आपली यंत्रं त्याच्या दुकानातून विकली जायची, म्हणून त्याचा फोन तुम्ही कधी टाळला नाही. "नाना, जरा येता का?" एवढंच तो म्हणायचा. कधी त्याच्या गिऱ्हाइकाचा नांगर, कधी दुसऱ्याच कंपनीचं रोटाव्हेटर. त्याच्या दुकानात नवे ट्रॅक्टर आले की पूजेला तुम्ही, फोटोत त्याच्या शेजारी तुम्ही, गळ्यात हार घालून अवघडून उभे. गेल्या दिवाळीच्या आधी "जरा बघायला" म्हणून त्यानं तुमची अर्धवट पेटी नेली. पंधरा दिवसांनी परत केली. आणि मग त्याच्या दुकानात नवी यंत्रं आली. तिरकी चकती, पण लोखंडी. उतार चुकलेला, खाच खोल. वर रंगानं मोठ्या अक्षरांत तुमचं नाव.

रब्बी हरभऱ्याला लोकांनी ती नेली आणि बियाण्याचा चुरा झाला. दुबार पेरणी करावी लागली. लोक तुमच्या दारात आले. एकजण काकूंच्या देखत तुम्हाला नको ते बोलला. मी ओरडून सांगणार होते की ही आमची नाहीत, पेटीत तीन ठिपके आहेत का बघा. तुम्ही माझा हात दाबलात. "माझं नाव हाय त्याच्यावर. म्याच नीट करून देतो." आणि अख्खा हंगाम तुम्ही शेठची नकली यंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरलात. त्यानं तुमची कल्पना चोरली, आणि त्याच्या चोरीतल्या चुकाही तुम्हीच निस्तरल्या. त्या काळात तुमच्या चकतीवर गंज चढला नाही, कारण ती नायलॉनची होती. धूळ मात्र चढली.

उन्हाळा लागला तेव्हा काकूंनीच तुम्हाला धरून बसवलं. ठरलं की सकाळी शटर उघडल्यापासून बारापर्यंत तुमचा फोन काकूंकडं, दुरुस्त्या रज्जाकभाईंकडं, बाजारहाट माझ्याकडं. तुम्ही मागच्या खोलीत, लेथवर, आणि दार बंद. नऊ दिवस चाललं ते. नऊ दिवसांत तुम्ही जेवढं केलंत तेवढं आधीच्या तीन वर्षांत झालं नव्हतं. चकती हातानं फिरवून खाली चादरीवर बी पाडायचं, आणि आपण दोघं उकिडवं बसून फुटलेलं बी शोधायचो. आठव्या दिवशी एका ओंजळीत दोनच फुटलेली निघाली. तुम्ही लहान पोरासारखं मला कोपर मारलंत. "आता चकती वरनं उतरवून खाच केसभर उथळ केली की झालं," तुम्ही म्हणालात. "उद्या."

दहाव्या दिवशी सकाळी चकती लेथवर बसवलेली होती. तुम्ही पहिला कट घेणार, तेवढ्यात शेठनं स्वतः माणूस पाठवला. फोन काकूंकडं असतो हे त्याला कळलं होतं ना. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची बिजागरी तुटली होती, आणि गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

मी दारात आडवी उभी राहिले. "रज्जाकभाई जातील."

"शेठनं मलाच बोलावलंय."

"बिजागरी आहे नाना. बिजागरी!"

"तासाभरात येतो," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या खांद्यावरनं हात फिरवून बाजूला सरकलात. लेथ बंद करायलाही थांबला नाहीत, तो मीच बंद केला.

त्यानंतर काय झालं ते मला शेठच्याच माणसानं सांगितलं, तिसऱ्याच्या दिवशी, रडत. भर उन्हाच्या कारात तुम्ही त्या ट्रॉलीखाली उताणे झोपून काम करत होतात. मग बाहेर आलात, पाणी मागितलंत, म्हणालात की छातीत जड वाटतंय. शेठ पंख्याखाली बसून होता. तो म्हणाला, "तेवढा एक टाका मारून टाका नाना, मग निवांत चहा घेऊ." आणि तुम्ही परत खाली गेलात.

तुम्ही परत खाली का गेलात, नाना? हे एकच विचारायचंय मला. बाकीचे सगळे वाद मी सोडून देईन. छातीत कळ येत असताना, दुसऱ्याच्या ट्रॉलीच्या बिजागरीसाठी. तो वेल्डिंगचा टाका पूर्ण होता, मी जाऊन बघितला. सरळ, एकसारखा. मरणाऱ्या माणसाच्या हातचा वाटणार नाही इतका सुंदर.

शेठ गावभर सांगत फिरला की नानांनी माझ्या अंगणात देह ठेवला, माझं भाग्य. पाचव्या दिवशी त्यानं गाडी पाठवली, पेटी आणि चकती न्यायला. "नानांनी कबूल केलं होतं." संदीप पुण्याहून विधींसाठी आलेला होता. तुमचा लेक भला आहे, पण त्याला वर्कशॉपातलं काही माहीत नाही, तो देणार होता. मी मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती कनवटीला लावली. जाताना संदीप म्हणाला, "ताई, हे सगळं आता तुझंच. मला यातलं काही नको." त्यानं ते मोकळ्या मनानं दिलं. मी मात्र सूड घ्यायला हत्यार मिळावं तसं ते घेतलं.

पंगतीतून उठवल्यावर मी थांबले नाही. तुमच्या फोनमधले सगळे नंबर काढले. रोज दुपारी बसून एकेकाला फोन लावला. "नानांची पुतणी बोलतेय. तुमच्या यंत्राची पेटी उघडा आणि आतल्या बाजूला हात फिरवून बघा. तीन ठिपके लागतात का? नाही लागले तर ते यंत्र नानांनी केलेलं नाही. कुणी केलं ते ज्यानं विकलं त्यालाच विचारा." एवढंच. एक शब्द खोटा नाही, एक शब्द जास्तीचा नाही. आठवडाभरात शेठच्या दुकानापुढं ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, मागं यंत्रं जोडलेली. लोक पेट्या उघडून त्याच्या काउंटरवर आपटत होते. मी बोल्ट घ्यायच्या निमित्तानं गेले आणि समोरच्या टपरीवर उभी राहून ते बघितलं. दोन चहा प्याले. मला मजा आली. तुम्हाला ते आवडलं नसतं हे मला माहीत होतं, आणि त्यामुळं जास्तच आली.

वर्कशॉप परत उघडलं त्या पहिल्याच दिवशी मी पाटी लावली, बारापर्यंत बंद. कुणासाठी म्हणजे कुणासाठीही उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता एक म्हातारे शेतकरी मोडलेलं कोळपं खांद्यावर घेऊन आले. मी आतूनच सांगितलं, बारानंतर या. ते म्हणाले, "नाना असते तर..." मी शटर वर केलं आणि त्यांच्या अंगावर ओरडले, "नानांना तुम्हीच सगळ्यांनी संपवलंत!" ते कोळपं घेऊन मागं फिरले. रस्त्यापलीकडं लिंबाखाली बारापर्यंत बसून राहिले. रज्जाकभाई तेवढा वेळ आत रिकामेच होते, दहा मिनिटांचं काम होतं.

कोळपं जोडून दिल्यावर रज्जाकभाई मला म्हणाले, "बेटी, दरवाजा तुझ्यापुरता बंद कर. दुकानाचा कशाला करतीस?" मला फार लाज वाटली. तुमच्यावरचा राग मी त्या म्हाताऱ्यावर काढला होता. दुसऱ्या दिवसापासून शटर सकाळीच उघडायला लागलं. दारात येईल ते रज्जाकभाई बघतात, त्यांना जमत नसेल तर ते निरोप ठेवून घेतात. बंद असते ती फक्त मागची खोली, आणि आत मी; शटरवरची पाटीही तशीच बदलली. तुम्हालाही एवढंच करायचं होतं, नाना. लोकांना हाकलायचं नव्हतं. तुमच्याशिवाय अडणारं काम आधी, बाकीचं दुसऱ्यावर विश्वास टाकून. तुम्हाला आपलं काम सोडता येत होतं, दुसऱ्यावर विश्वास टाकता येत नव्हता. वीस वर्षं रज्जाकभाई तुमच्याजवळ होते आणि बिजागरीसुद्धा तुम्ही त्यांच्यावर सोपवली नाहीत.

केसभर उथळ म्हणजे किती, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. तुमच्या केसभराचं माप तुमच्या बोटात होतं आणि ते तुम्ही बरोबर नेलंत. मी सहा चकत्या वाया घालवल्या. पहिला कट इतका खोल गेला की रज्जाकभाईंनी लेथ बंद केला. सातव्या चकतीला चादरीवर एक ओंजळ बी पाडलं आणि आम्ही दोघं उकिडवं बसून शोधत राहिलो. फुटलेलं एकही सापडलं नाही. मग दुसरी ओंजळ. मग तिसरी. काकू येऊन बघून गेल्या. पडलेल्या बियांतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोरीजवळ ठेवले. पाचव्या दिवशी काकूंनीच गोणपाट उलगडलं. पांढरे कोंब इतके दाट होते की गोणपाट दिसेना. काकूंनी त्यांच्यावरनं तळवा फिरवला. "हे बघायला थांबायचं न्हाय का," त्या म्हणाल्या, मला नव्हे.

बातमी शेठपर्यंत जायला वेळ लागला नाही. परवा तो स्वतः आला, दुपारी दोन वाजता. पाटी वाचून वेळ साधली होती. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत ये म्हणून मी म्हणाले नाही.

"झालं गेलं विसरून जाऊ पोरी. तुझी यंत्रं माझ्या दुकानातनं जातील. पेरण्या तोंडावर आल्यात. तुला कोण ओळखतं?"

"नाही."

"विचार करून सांग."

"विचार झालाय. तुमच्या दुकानातून एकही जाणार नाही. इथनं जातील, आणि पेटीवर बाहेरच्या बाजूला नानांचं नाव असेल."

तो गाडीकडं वळला. मग दुखावल्यासारखा म्हणाला, "तुझ्या चुलत्यानं मला कधी नाही म्हटलं न्हाय."

"म्हणूनच ते गेले. त्यांचं राहिलेलं मी म्हणते. नाही."

नाना, इतकी वर्षं तुमच्या तोंडून ऐकायचा होता तो शब्द मी त्याच्या तोंडावर मारला. तो गाडीत बसला तेव्हा मला वाटलं, झालं, आता छाती हलकी होईल. मी खरंच खूश होते. रज्जाकभाईंसाठी चहा सांगितला. म्हणाले, "भाई, बघितलंत ना? एवढं सोपं होतं. हा माणूस नसता तर नानांच्या हयातीतच चकती झाली असती."

रज्जाकभाई हातपाय धूत होते. त्यांनी नळ बंद केला.

"शेठनं लई वेळ खाल्ला, ते खरंय," ते म्हणाले. "पर चकती पहिल्यांदा राहिली ती शेठमुळं न्हाय. ईटवाला येऊन गेला, त्याच साली नाना करणार होते. सगळं सामान आणलं होतं. त्याच साली तू आलीस."

त्यांनी फडक्याला हात पुसले.

"डिप्लोमाला नंबर लागला होता तुझा, आन तुझे बाबा पाठवत नव्हते. पोरीनं लोखंडात हात घालायचे न्हाईत म्हणून. तू इथं येऊन रडत बसली होतीस, याद हाय? नानांनी तुझ्या बाबांना पटवायला महिना घातला. मग वर्षभर दर सुट्टीला तुला लेथ शिकवला, वेल्डिंग शिकवलं. म्या म्हणलं बी, नाना, पोरीला पुढल्या साली शिकवा, आधी ते चकतीचं करून घ्या. तर म्हणले, 'रज्जाक, चकती पुढल्या साली बी व्हईल. पोरगी पुढल्या साली यायची न्हाय.'"

चहा आला होता. तो निवला.

हे तुम्ही मला कधी का सांगितलं नाहीत? खडूची यादी घेऊन मी तुमच्यापुढं नाचत होते, तेव्हा एकदा म्हणायचं होतं. तुम्हाला काय आधी करायचं ते कळत होतं, मग. एकदा तरी अगदी बरोबर कळलं होतं. आणि ज्या कामासाठी मी शेठला, गावाला, तुम्हाला शिव्या घालत होते, ते काम सगळ्यात आधी माझ्यामुळं मागं पडलं होतं.

मोहनशेठला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. ट्रॉलीखाली परत गेल्याबद्दल तुम्हालाही नाही. पण तुमचं ते एक अख्खं वर्ष माझ्याकडं आहे, आणि ते वाया गेलं नाही हे तुम्हाला दाखवायला तुम्ही इथं नाहीत. याचा सूड कुणावर घ्यायचा, नाना, तेवढं मला अजून कळत नाही.